तिवस्याची सडक व वऱ्हाडांतील मार्गवृक्ष : दोन प्रचलित विधानांची छाननी

अमरावतीहून नागपुराकडे जाणाऱ्या सडकेवर नांदगांव पेठ, मोझरी व तिवसा हीं गांवें ओळीनें लागतात. पुढें वर्धा नदी ओलांडली कीं वऱ्हाड संपतें. ह्या सडकेच्या, व सामान्यतः वऱ्हाडांतील जुन्या सडकांच्या, दुतर्फा जीं झाडें होतीं व कोठें कोठें अद्यापि उभीं आहेत, त्यांच्याविषयीं दोन विधानें वारंवार कानांवर येतात. पहिलें असें कीं, वाटेच्या दोन्ही बाजूंस झाडांच्या रांगा लावण्याची कल्पनाच मुळीं इंग्रजांची. आपल्या देशांतील उपवनमार्ग पाहून त्यांनीं ती येथें आणिली. दुसरें ह्याच्या उलट, कीं अशोकापासून शिवछत्रपतींपर्यंत ही परंपरा अखंड चालत आली असून इंग्रजांनीं तींत नवें असें कांहींच केलें नाहीं. दोन्ही विधानें इतक्या ठामपणें केलीं जातात कीं, त्यांच्या मागें कांहीं पुरावा असावा असें वाचकास सहज वाटावें. आम्हीं तो पुरावा तपासून पाहण्याचें योजिलें आहे. हा केवळ पंडितांचा वाद असता तर तो असाच पडूं दिला असता तरी चाललें असतें. परंतु ह्याच सडकेचें चौपदरी महामार्गांत रूपांतर होतांना जुन्या झाडांचें काय करावें व त्यांच्या जागीं काय लावावें, ह्याचा निर्णय ज्या समजुतींवर घेतला गेला व पुढील सडकांवर अद्यापि घेतला जात आहे, त्या समजुती ह्याच दोन विधानांच्या लेकी आहेत.

आरंभीं गांवाच्या नांवाविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे, कारण ह्या नांवांत वृक्ष व वाट हीं दोन्हीं एकत्र आलीं आहेत असें म्हणण्याचा मोह कोणासहि होईल. तिवस हें एका वृक्षाचें मराठी नांव आहे. संस्कृतांत त्यास तिनिश म्हणतात. अमरकोशांत त्याचे जे पर्याय दिले आहेत त्यांत स्यंदन, नेमी व रथद्रु हे आढळतात. म्हणजे रथ, चाकाची धाव व रथाचें झाड. ह्याचें लांकूड चिवट व धक्का सोसणारें असल्यामुळें गाड्यांच्या चाकांना व शेतीच्या अवजारांना तें पूर्वापार वापरीत आले आहेत. तेव्हां ज्या गांवावरून कापसाच्या गाड्यांची वाट जात होती त्या गांवास चाकाच्या झाडाचें नांव असावें, ही जोडी मोठी मनोहर आहे. पण मनोहर असणें हा पुरावा नव्हे. ह्याच नांवाचें गांव यवतमाळ जिल्ह्यांतहि आहे. वृक्षांवरून गांवांस नांवें पडणें वऱ्हाडांत इतकें सामान्य आहे कीं, पिंपळखुटा, वडनेर, चिंचोली, उंबरखेड, बाभूळगांव अशीं नांवें कोणत्याहि तालुक्याच्या यादींत हवीं तितकीं सांपडतील. खुद्द अमरावतीचें नांवहि उदुंबरावती ह्या शब्दाशीं जोडून तेथें पूर्वीं उंबरांचें रान होतें असें सांगण्यांत येतें. ह्यावरून फार तर इतकें म्हणतां येईल कीं, तिवसा हें नांव वृक्षवाचक असण्याचा संभव बराच आहे. त्याचा सडकेशीं संबंध जोडण्यास जुना कागद हवा, व तो पुढें येईपर्यंत ही व्युत्पत्ति कोणीं इतिहास म्हणून छापूं नये.

नांवांवरून इतिहास रचण्यांत केवढा धोका असतो ह्याचें एक उदाहरण ह्याच विषयांत मिळतें. युरोपांतील वृक्षराजींचा राजा म्हणून ज्याची ख्याति आहे तो हॉर्स चेस्टनट. बागांविषयींच्या लेखांत व प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख नेहमीं येतो, आणि वाचकास तो झाड म्हणून नव्हे, तर वैभवाचें चिन्ह म्हणून ठाऊक असतो. फ्रेंच भाषेंत त्याचें जें नांव रूढ आहे त्याचा अर्थ ‘हिंदुस्थानचें चेस्टनट’ असा होतो. वस्तुतः हिंदुस्थानाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तो बाल्कन प्रदेशांतील डोंगरांतला असून इ. स. १५७६ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलकडून आलेल्या बियांपासून व्हिएन्ना येथें क्लुसियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें तो वाढविला. तुर्कांच्या मुलुखांतून आला म्हणून तो पूर्वेकडील कोठला तरी असावा अशी समजूत झाली, व ती खोडून निघण्यास जवळ जवळ तीन शतकें लागलीं. आमच्या हिमालयांत ह्या कुळांतील एक निराळा वृक्ष आहे, त्यास कुमाऊंत पांगर म्हणतात. त्या नांवावरून तो वऱ्हाडांतला तांबड्या फुलांचा व कांटेरी सालीचा पांगाराच असावा असें मराठी वाचकास वाटणें स्वाभाविक आहे, पण तेंहि चूक होय. पांगारा शेंगांच्या कुळांतला, पांगर अगदीं दुसऱ्या कुळांतला. एका झाडास फ्रेंचांनीं आमचें ठरविलें, दुसऱ्यास आम्ही आमचें ठरवूं. दोन्हीं ठिकाणीं चूक एकाच जातीची.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अशोकाचा आधार जे घेतात त्यांच्या बाजूस पुरावा निःसंशय आहे. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखांत पशूंच्या व मनुष्यांच्या उपयोगाकरितां वाटांवर विहिरी खणविल्याचें व झाडें लावविल्याचें सांगितलें आहे. दिल्ली-तोपरा स्तंभावरील सातव्या लेखांत ही गोष्ट अधिक तपशिलानें येते. तेथें वाटांवर वड लावविले ते पशूंना व मनुष्यांना छाया मिळावी म्हणून, असा हेतु स्पष्ट दिला आहे. आंब्यांच्या राया, विहिरी व विश्रांतिस्थानें ह्यांचा उल्लेख त्याच ओघांत आहे. विहिरींमधील अंतर दाखविणारा ‘अढकोसिक्यानि’ हा जो शब्द आहे त्याचा अर्थ अर्धा कोस घ्यावा कीं आठ कोस घ्यावा, ह्याविषयीं पंडितांत मतभेद आहे. वाट चालणाऱ्याच्या दृष्टीनें हा भेद लहान नव्हे! तो येथें बाजूस ठेवून ध्यानांत घेण्याजोगें इतकेंच कीं, ह्या लेखांत शोभेचा शब्द नाहीं. पशु आधीं व मनुष्य मागून, असा क्रम आहे, आणि झाडाचें प्रयोजन छाया हें एकच आहे.

परंतु मगधाच्या राज्यांतील ह्या आज्ञेवरून वऱ्हाडांतील सडकांपर्यंत दोन हजार वर्षांची अखंड साखळी जोडणें हें धाडस आहे. साखळींतील दुवे म्हणून जे दाखविले जातात त्यांतील कांहीं खरे आहेत, पण ते दुसऱ्या प्रदेशांतले आहेत. शेरशहानें (इ. स. १५४०–४५) आपल्या मोठ्या रस्त्यांवर दोन दोन कोसांवर सराया बांधविल्या व दोन्हीं बाजूंस झाडें लावविलीं असें अब्बासखान सरवानी लिहितो. जहांगीराच्या कारकीर्दींत, इ. स. १६१५ सालीं, टॉमस कोरियट नांवाचा इंग्रज लाहोरहून आग्र्यास पायीं आला. त्यानें वाटेच्या दोहों बाजूंस असलेल्या झाडांच्या रांगेचें कौतुक केलें आहे. सडकेच्या कडेस झाडांच्या रांगा लावण्याची कल्पना इंग्रजांनीं ह्या देशांत आणिली असें म्हणणाऱ्यांस, तीच रांग येथें पाहून थक्क झालेला हा इंग्रज पुरेसें उत्तर आहे. पण ही आग्रा-लाहोरची वाट झाली, अमरावती-नागपूरची नव्हे.

दुसरा दुवा आज्ञापत्राचा. शिवाजीमहाराजांनीं मार्गवृक्षांचें रक्षण करण्याची आज्ञा दिली असें सांगून आज्ञापत्राचा हवाला देण्याचा प्रघात पडला आहे. आज्ञापत्र हें रामचंद्रपंत अमात्यांचें असून त्याचा काळ सुमारें इ. स. १७१५ हा आहे. त्यांत शिवकालीन राजनीति उतरली आहे हें मान्य करूनहि, ज्या उताऱ्याचा हवाला देतात तो आरमाराच्या प्रकरणांतील आहे. जहाजांस मोठें लांकूड लागतें. पण आंबा, फणस हीं झाडें वर्षां-दोन वर्षांनीं होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये, आणि एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें, असा त्याचा आशय आहे. राजनीतीच्या वाङ्मयांत इतकें मायाळू व इतकें व्यवहारी वचन क्वचितच सांपडेल. पण तें रयतेच्या मालकीच्या झाडांविषयीं आहे, सडकेवरील रांगांविषयीं नाहीं. उतारा थोर आहे म्हणून तो कोठेंहि लावावा असें होत नाहीं.

वऱ्हाडापुरतें पाहूं गेल्यास अखंड परंपरेच्या पक्षावर एक मोठा आक्षेप येतो, आणि तो वनस्पतींचा नसून राजकारणाचा आहे. दहा-पंधरा कोसांची सलग वृक्षराजि उभी राहण्यास, पहिल्या चार-पांच उन्हाळ्यांत रोपांना पाणी घालणारी, गुरांपासून राखणारी व मेलेल्याच्या जागीं दुसरें लावणारी एकच सत्ता त्या सगळ्या वाटेवर वीस वर्षें टिकावी लागते. वऱ्हाडांत ती कोठें होती? इ. स. १७२४ सालीं साखरखेर्ड्याची लढाई होऊन निजामाचा अंमल स्थिर झाला न झाला, तोंच नागपूरकर भोसल्यांचा हक्क सुरू होऊन दुअंमली आली. एकाच गांवचा वसूल दोन ठिकाणीं जाऊं लागला. इ. स. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांकडून सुटला, आणि तिवस्यापलीकडची ती नदी दोन राज्यांची सीमा झाली. म्हणजे अमरावतीहून निघालेली वाट नागपुरास पोंचण्यापूर्वीं परराज्यांत शिरत होती. त्यांत पेंढाऱ्यांचा काळ. अशा वाटेवर रांगेनें झाडें कोण लावणार, व कोणासाठीं?

मग त्या काळीं वाटसरूस सावलीच नव्हती काय? होती, पण ती रांगेची नव्हती, ठिकाणाची होती. गांवाबाहेरील पिंपळाचा पार, विहिरीजवळची आमराई, नदीच्या उतारावरील चिंचा, धर्मशाळेपुढचा वड, हीं सगळीं एकेका कुळानें, सावकारानें किंवा गांवानें पुण्यार्थ केलेलीं कामें होत. त्यांना राज्याचें सातत्य लागत नव्हतें. एक विहीर व एक पिढी पुरत होती. ह्यास साक्षी इंग्रजच आहे. स्लीमन ह्यानें इ. स. १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथांत जबलपूर जिल्ह्यांत खासगी लोकांनीं स्वखर्चानें केलेलीं तळीं, विहिरी व राया ह्यांची मोजदादच दिली आहे. जबलपूर हा इ. स. १८१८ पूर्वीं नागपूरकरांचाच मुलूख होता. तेव्हां वर्धेच्या अलीकडे रीत फार निराळी असेल असें मानण्याचें कारण नाहीं. वाहतूकहि ह्या रीतीस अनुकूल होती. इ. स. १८४२ सालीं अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानें एक लाख बैलओझीं कापूस कलकत्त्याच्या बाजूस रवाना केल्याची गोष्ट इंग्रजी गॅझेटियरांत सांगितली आहे. आंकड्यांत अतिशयोक्ति धरली तरी एवढें खरें कीं, हा माल बैलांच्या पाठीवरून तांड्यांनीं जात असे. तांडा एका रेषेंतून चालत नाहीं. तो चरत, पसरत जातो व ऊन वाढलें कीं पाण्याजवळच्या सावलींत उतरतो. त्याला राई हवी, रांग नको.

रांगेची गरज चाकाबरोबर आली. इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे गेलें, अमेरिकेंतील यादवीमुळें (इ. स. १८६१–६५) कापसास सोन्याचा भाव आला, बडनेऱ्यावरून आगगाडी धांवूं लागली, आणि गांवोगांवच्या पांदणींतून निघालेल्या गाड्यांस खडीची सडक मिळाली. सडक एकदां निश्चित झाली म्हणजे गाडीस तिच्यावरूनच चालावें लागतें. मग सावलीहि सडकेवरच यावी लागते. बांधकामखात्याची सत्ता सबंध वाटेवर एकच होती, व ती टिकलीहि. म्हणून वऱ्हाडांतील सलग रांग ही इंग्रजी अमदानींतली आहे, हें पहिल्या पक्षाचें म्हणणें आम्हांस मान्य करावें लागतें. ह्यानें कोणाचा अभिमान दुखावला जात असेल तर त्यास आमचा इलाज नाहीं.

परंतु त्या पक्षाचें उरलेलें म्हणणें, कीं ही रांग विलायतेंतील उपवनमार्गाची नक्कल होय, तें मात्र टिकत नाहीं. विलायती वृक्षराजि म्हणजे काय हें नीट समजून घेतल्यास दोहोंतील अंतर लक्षांत येईल. लंडनजवळ बुशी पार्क म्हणून राजाचें उपवन आहे. तेथील हॉर्स चेस्टनटची राजि ही त्या देशांतील सर्वांत प्रसिद्ध राजींपैकीं एक. तिची आंखणी तिसऱ्या विल्यमसाठीं क्रिस्टोफर रेन ह्या वास्तुकारानें केली व लागवड इ. स. १६९९ सालीं झाली. सुमारें एक मैल लांबीची ही वाट असून आंतल्या रांगा चेस्टनटच्या व बाहेरच्या रांगा लिंडनच्या आहेत. वैशाखाच्या सुमारास चेस्टनटला पांढऱ्या फुलांचे तुरे येतात, तेव्हां एक रविवार धरून तो देखावा पाहण्यास लंडनचे लोक तेथें लोटत. ह्या वाटेचें प्रयोजन काय होतें? हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या उत्तरेच्या बाजूस एक भव्य दर्शनी भाग बांधावयाचा होता, त्याकडे नेणारी ही वाट. तो भाग पुढें बांधलाच गेला नाहीं. म्हणजे तीनशेंहून अधिक वर्षें ती राजि अशा एका दाराकडे नेत आहे कीं जें अस्तित्वांतच आलें नाहीं, आणि तरीहि तिचें कोणाचें कांहीं अडलें नाहीं! ह्यांत उपहासाचा हेतु नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, ती वाट चालण्यासाठीं नसून पाहण्यासाठीं आहे. तिच्या सौंदर्याचें मोजमाप खिडकींतून किंवा रथांतून होतें. झाडें एकाच जातीचीं, एकाच वयाचीं, एकाच उंचीचीं असणें हा तिचा प्राण आहे.

ह्याच एकजातीपणाचें फळ चेस्टनटला अलीकडे भोगावें लागलें. मॅसिडोनियांतील ओह्रिद सरोवराजवळ इ. स. १९८४ च्या सुमारास त्याच्या पानांत पोखरणारी एक अगदीं लहान अळी आढळली. थोड्याच वर्षांत ती ऑस्ट्रियांत व इ. स. २००२ सालीं इंग्लंडांत पोंचली. तेव्हांपासून ऐन उन्हाळ्यांत तेथील चेस्टनटचीं पानें करपून तांबूस होतात. ही अळी आली कोठून, ह्याचा निकाल कसा लागला तें आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. ग्रीस देशांतून इ. स. १८७९ सालीं गोळा करून वनस्पतिसंग्रहांत ठेविलेल्या चेस्टनटच्या वाळलेल्या पानांत त्याच अळीचे अवशेष सांपडले, व ती बाल्कनांतलीच, हें इ. स. २०११ सालीं सिद्ध झालें. सव्वाशें वर्षांपूर्वीं एक पान कागदास चिकटवून त्यावर स्थळ व साल लिहून ठेवणारा मनुष्य नसता तर हा वाद आजहि चालूच राहिला असता.

वऱ्हाडांतील सडकेवर ह्यांपैकीं काय आलें? रांग आली, झाड आलें नाहीं व प्रयोजनहि आलें नाहीं. काळ्या भूमींत व वैशाखांतील पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत चेस्टनट जगलें नसतें हें उघडच आहे. पण इंग्रजांनीं विलायतेंतलें दुसरेंहि कांहीं लावलें नाहीं. लावलें तें कडुनिंब, चिंच, आंबा, वड, पिंपळ, म्हणजे गांवाच्या पारावर व विहिरीवर जें पूर्वींच होतें तेंच. कडुनिंब माघ-फाल्गुनांत पानें टाकतो, पण चैत्रांत हिरवा होऊन वैशाखांत दाट छाया देतो. जेव्हां हवी तेव्हांच देतो. चिंच कधीं पुरती उघडी पडत नाहीं. ह्या ज्ञानास कोणत्याहि खात्याचें नांव नाहीं. बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत वराहमिहिरानें दोन झाडांतील अंतर वीस हात उत्तम, सोळा मध्यम व बारा कनिष्ठ सांगितलें आहे, व जवळ लावलेल्या झाडांचीं मुळें एकमेकांस लागून तीं नीट फळत नाहींत असें कारण दिलें आहे. वीस हात म्हणजे सुमारें तीस फूट. जुन्या सडकेवर पूर्ण वाढलेले दोन निंब एकमेकांस पानांनीं शिवतात पण खोडांनीं अडवीत नाहींत, तें ह्याच हिशेबानें. शिवाय चिंचेचा व आंब्याचा लिलाव होऊन त्याचें उत्पन्न सरकारजमा होत असे. राजाच्या उपवनांतील चेस्टनटवर अशी जबाबदारी कोणीं टाकली नव्हती. तेव्हां आमचा निर्णय असा कीं, वऱ्हाडची दुतर्फा राजि ही जुन्या राईची नव्या सडकेवर झालेली मांडणी होय. मांडणी परक्या सत्तेची, झाड व हेतु येथलेच.

हा निर्णय मान्य झाल्यास नव्या लागवडीचें परीक्षण कोणत्या कसोटीनें करावें हेंहि ठरतें. ह्या महामार्गाचें जुनें नांव राष्ट्रीय महामार्ग ६. तोच आतां ५३ ह्या क्रमांकानें ओळखला जातो. अमरावती ते तळेगांव हा भाग एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत चौपदरी झाला. ह्याच महामार्गाच्या अमरावती-अकोला भागांत, लोणी ते माना ह्यांच्यामध्यें, इ. स. २०२२ च्या जूनमध्यें पंचाहत्तर किलोमीटर डांबरी थर १०५ तासांत घालून जागतिक विक्रम करण्यांत आला. कामगारांच्या त्या कष्टांस कोणीहि नांवें ठेवणार नाहीं. पण १०५ तासांत जी गोष्ट होऊं शकत नाहीं ती ह्या विक्रमामुळें अधिकच डोळ्यांत भरते. आतां दोहों दिशांच्या मध्यें जो दुभाजक आहे त्यावर कण्हेर, बोगनवेल, टेकोमा अशीं फुलझाडें हारीनें लावलेलीं असतात. समोरच्या दिव्यांचा झोत अडविण्यास त्यांचा उपयोग आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यांस वृक्षराजीची भरपाई म्हणणें हा शब्दांचा दुरुपयोग आहे. दुभाजकावरील झुडुपाची सावली पडते ती झुडुपावरच. कडेस मोठीं झाडें लावलीं जातात तेथें गुलमोहरास मान फार. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, ह्याबद्दल आमचें भांडण नाहीं. भांडण एवढेंच कीं तो ऐन चैत्र-वैशाखांत पानें टाकून फुलतो. डोळ्यांस तें सुख आहे, डोक्यास नाहीं. म्हणजे जी नक्कल इंग्रजांनीं केली नाहीं ती आम्ही करीत आहों: वाट चालण्याची नसून पाहण्याची झाली आहे, आणि पाहणारा ताशीं शंभर किलोमीटरच्या वेगानें, कांचा लावून जात आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, आतां पायीं कोण चालतें? वऱ्हाडांतलें कोणीहि हा प्रश्न विचारणार नाहीं. तिवसा तालुक्यांतीलच कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास पायीं जाते. तिची परंपरा इ. स. १५९४ पासूनची सांगतात. आषाढी गांठावयाची तर निघावें लागतें पाऊस लागण्यापूर्वीं किंवा लागतां लागतां, ज्येष्ठाच्या उन्हांत. शाळेस जाणारीं मुलें, फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या बाया, संत्र्यांचे कॅरेट लावलेली दुचाकी कडेस थांबवून घाम पुसणारा शेतकरी, हीं सर्व महामार्गाचींच माणसें आहेत. बैल जवळ जवळ गेला हें खरें, पण अशोकाच्या यादींतला मनुष्य अद्यापि आहे.

कायद्याकडे पाहिल्यास स्थिति विचित्र दिसते. केंद्रसरकारच्या इ. स. २०१५ च्या हरित महामार्ग धोरणांत प्रकल्पाच्या बांधकामखर्चाचा एक टक्का झाडांसाठीं राखण्याची तरतूद आहे. म्हणजे पैशाची सबब सांगतां येत नाहीं. महाराष्ट्राच्या झाडांविषयींच्या इ. स. १९७५ च्या कायद्यांत इ. स. २०२१ सालीं दुरुस्ती होऊन पन्नास वर्षें व त्यावरील वृक्षास वारसावृक्ष मानण्यांत आलें, व असा वृक्ष तोडल्यास त्याचें जितकें वय तितकीं झाडें लावावीं असें ठरलें. परंतु हा कायदा नागरी क्षेत्रांचा. शहरांतल्या एखाद्या बंगल्याच्या आवारांतील पन्नास वर्षांचा अशोक वारसा ठरतो, आणि दोन गांवांमधील सडकेवर शंभर वर्षें उभा असलेला निंब फक्त घनमीटर लांकूड ठरतो. भरपाईचा हिशेबहि संख्येचा असतो: अमुक तोडलीं, तमुक लावलीं. कोणत्या जातीचीं, कोणत्या मैलावर, सडकेच्या कोणत्या बाजूस, ह्याचा त्या संख्येंत मागमूस नसतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वाटेवर दक्षिणेकडील रांग गेली तर दुपारची सावली गेली; उत्तरेस दुप्पट झाडें लावलीं तरी ती भरून येत नाहीं. एकाच जातीची रांग लावण्यांत काय धोका आहे तें चेस्टनटनें दाखविलेंच आहे, व शेजारच्या तेलंगणांत अलीकडे कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा जो रोग पसरला त्यावरून तो धोका युरोपापुरता नाहीं हेंहि दिसलें. जुन्या सडकेवरील निंब, चिंच, आंबा, वड ह्यांची सरमिसळ पाहून अव्यवस्थेचा दोष देणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांचा दोष ह्यांत कमी नाहीं. गॅझेटियरांत सडकांचे मैल, वर्ग व त्यांवरील बंगले मिळतात, म्हणून आम्हीहि सडकेचा इतिहास लिहितांना तेवढेंच उतरून घेतलें. ताम्रपट सांपडला तर त्याचा ठसा घेतों, वीरगळ सांपडला तर त्याचें छायाचित्र घेतों. पण ज्या निंबाचा घेर दोन माणसांच्या कवेंत मावत नाहीं त्याचा घेर मोजून, मैलाच्या दगडाचा क्रमांक घालून वहींत लिहिण्याचें काम आमच्यापैकीं कोणीं केलें नाहीं. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर लावावे म्हणजे पुढें वाद पडल्यास तेच साक्षी होतील, असें मनुस्मृति सांगते. साक्षीदार शंभर वर्षें उन्हांत उभा होता आणि त्याची जबानी घेण्यास कोणी गेलें नाहीं. रुंदीकरणाचें यंत्र मात्र वेळेवर गेलें. तिवस्यापर्यंतच्या पट्ट्यांत किती झाडें होतीं, कोणत्या जातीचीं होतीं, वर सांगितलेली सरमिसळ मुद्दाम केलेली होती कीं मेलेल्याच्या जागीं मिळेल तें लावल्यानें झाली, ह्या प्रश्नांचीं उत्तरें झाडांबरोबरच गेलीं.

अद्यापि जें हातीं आहे तें असें. अमरावती-अकोला विभागांतील जिल्हा व तालुका सडका सगळ्याच रुंद झालेल्या नाहींत. त्यांवरील राजींची पाहणी करण्यास यंत्रें लागत नाहींत. एक फीत, एक वही व दोन माणसें पुरतात. झाडाची जात, छातीइतक्या उंचीवरील घेर, सडकेची बाजू, शेजारच्या झाडापासून अंतर व मैलाचा किंवा किलोमीटरचा दगड, एवढे तपशील लिहिले म्हणजे झालें. एका बाजूस सलग दहा झाडांतील अंतर सारखें व घेर जवळ जवळ सारखे आढळले तर ती एकाच वेळची लागवड, हें अनुमान करण्यास हरकत नाहीं. मध्येंच एखादा फार मोठ्या घेराचा वड रांगेच्या बाहेर उभा दिसला तर तो सडकेपूर्वींचा असण्याचा संभव धरून त्याच्याजवळ विहिरीची किंवा पाराची खूण आहे काय तें पाहावें. आमच्या मतें राईची रांग कशी झाली ह्याचा खरा पुरावा अशाच ठिकाणीं मिळावयाचा आहे.

कागदांचाहि शोध व्हावयास हवा. सडकेवरील चिंचा-आंब्यांच्या लिलावाच्या पावत्या, रोपांना पाणी घालण्याच्या मजुरीचीं हजेरीपत्रकें, राई किंवा पाणपोई पुण्यार्थ दिल्याचीं दानपत्रें, शेताच्या वाटणींत सडकेकडील झाडाचा उल्लेख असलेले फारखतीचे कागद, हीं वऱ्हाडांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत असण्याचा पुष्कळ संभव आहे. अशा कागदांस कोणी किंमत देत नाहीं म्हणून ते आधीं जातात. वाचकांपैकीं ज्यांच्याकडे ते असतील त्यांनीं मूळ कागद आपल्याजवळच ठेवून त्यांची नक्कल, गांवाचें नांव व कागदावरील साल जसेंच्या तसें लिहून आम्हांकडे पाठवावें. तिवसा हें नांव ज्यांत आलें आहे असा जुना कागद मिळाल्यास तो आधीं पाठवावा.